तोंड किती वेळा चालतं ते मोजा: कोकणातल्या खाण्यापिण्यात दात कसे सांभाळावेत

दात दुखतो म्हणून कुणी दवाखान्यात आलं की मी त्यांच्या हातात एक कागद देते. कालच्या दिवसात सकाळी उठल्यापासून रात्री डोळा लागेपर्यंत, पाणी सोडून जे जे तोंडात गेलं ते वेळेसकट लिहायचं. चहा लिहायचा, खोकल्याची गोळी लिहायची, स्वयंपाक करताना तोंडात टाकलेला गुळाचा खडाही लिहायचा. तुम्हीही आज हे करा. दात सांभाळायला इथूनच सुरुवात होते, ब्रश नंतर.

माझा दवाखाना कुडाळच्या बाजारात आहे. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका ताईंचा कागद सांगते. सहाला चहा. साडेसातला चहा आणि बटर. दहाला कारखान्यात चहा आणि दोन बिस्किटं. बाराच्या सुमारास लिमलेटची गोळी. एक वाजता जेवण, भात आणि बांगड्याचं तिखलं. तीनला चहा. सहाला घरी पोचल्यावर चहा आणि खारी. आठला मालिका बघताना चिक्कीचा तुकडा. नऊला जेवण, आणि झोपताना मुलाच्या कपातलं उरलेलं साखरेचं दूध. मला म्हणाल्या, "माका गोड आवडना नाय, डॉक्टर." खोटं बोलत नव्हत्या. ताटात त्या गोड घेतच नाहीत. पण कागदावर दहा नोंदी होत्या, आणि त्यातल्या आठांमध्ये साखर होती.

हे मोजायचं कारण असं. प्रत्येकाच्या तोंडात जंतू असतात. साखर मिळाली की काही मिनिटांत ते तिचं आम्ल करतात. तोंडाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचाच्या खाली घसरला की दाताच्या वरच्या आवरणातलं, म्हणजे इनॅमलमधलं, कॅल्शियम विरघळून निघायला लागतं. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल मारते, तिच्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट परत दातात बसतं. या दुरुस्तीला साधारण अर्धा ते एक तास लागतो. शेताची मेर फुटली तर चिखल लावून ती सांधता येते, पण दर तासाला नवा लोंढा आला तर सांधायची कधी? ताईंच्या दाढांवर दिवसभरात असे आठ लोंढे येत होते.

म्हणून पहिली सूचना: खाणं तोडू नका, गोळा करा. दिवसात तीन जेवणं-न्याहाऱ्या आणि फार तर एक-दोन मधली खाणी, एवढ्यावर या. लाडू खायचा तर जेवणाच्या ताटातच खा, कारण तेव्हा लाळ भरपूर सुटलेली असते. चार वाजता एकटा लाडू खाल्ला तर दातांना तोच जास्त महागात पडतो. साखरेचे चहा न्याहारीबरोबर आणि संध्याकाळच्या खाण्याबरोबर, असे दोन ठेवा. मधल्या वेळेला तलफ आलीच तर बिनसाखरेचा घ्या. सुरुवातीला तो घशाखाली उतरत नाही हे मला ठाऊक आहे. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलं की जमतं. आणि एकच कप तासभर पुरवून पुरवून पिऊ नका. बसा, प्या, कप विसळा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत आली तर आणखी बरं. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहाएक लहान चमचे. दोन चमच्यांचे पाच चहा झाले की हा हिशेब दुपारीच मोडतो, आणि बिस्किटं अजून धरलेलीच नाहीत.

इथे हमखास गुळाचा विषय निघतो. "आम्ही साखर सोडली, आता गुळाचाच चहा." गुळात लोह थोडं असेल, चवही छान, पण दातातल्या जंतूंना गूळ, काकवी, मध आणि साखर सगळं सारखंच. गुळाचा चहा पाच वेळा घेतला तर दाताला पाच वेळा मार बसतो.

आता चिकट पदार्थ. मला यावर थोडं थांबायचं आहे, कारण आपल्याकडचे आवडीचे पदार्थ नेमके इथे येतात: आंबापोळी, फणसपोळी, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, आणि गूळ-आल्याच्या पाकात घोळलेलं मालवणी खाजं. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ विपेहोम नावाचं मतिमंदांचं रुग्णालय होतं. १९४० च्या दशकात सुरुवात करून काही वर्षं तिथल्या रुग्णांना वेगवेगळ्या प्रकारे साखर देऊन दातांवर काय होतं ते पाहिलं गेलं. ज्यांना जेवणाबरोबर साखर मिळाली त्यांच्या दातांना कीड थोडीच वाढली. ज्यांना जेवणांच्या मधल्या वेळी चिकट टॉफ्या दिल्या त्यांचे दात झपाट्याने किडले. ज्यांना आपली संमती देणंही शक्य नव्हतं अशा माणसांचे दात त्यासाठी जाऊ दिले, हा अन्याय होता आणि तो अन्यायच म्हटला पाहिजे. त्यांनी जी किंमत मोजली तिच्यातून आपल्याला एवढं कळलं आहे, तर निदान ते वापरू या.

आंबापोळीचा तुकडा खाल्ल्यावर जीभ मागच्या दाढेवर फिरवून बघा. दाढेच्या खाचेत एक लगदा बसलेला लागेल, आणि तो बराच वेळ तिथेच राहतो. म्हणून आंबापोळी जेवणाच्या शेवटी खा, एका बैठकीत खा, आणि लगेच खळखळून दोन-तीन चुळा भरा. वर ओल्या खोबऱ्याचा तुकडा किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे चावलेत तर चांगलंच, चावण्याने लाळ सुटते. आंगणेवाडीच्या जत्रेतून आणलेल्या खाज्याची पुडी मात्र टीव्हीसमोर मांडीवर घेऊन बसू नका. वाटीत काढा, पुडी बांधून फडताळात ठेवा. वरवर न चिकटणारी वाटणारी बिस्किटं, बटर, खारीसुद्धा याच गटातली धरा. मैद्याचा ओला लगदा दातांच्या फटीत आंबापोळीइतकाच चिवटपणे बसतो.

आंबटाची गोष्ट वेगळी. कैरी, चिंच, कोकमाचं आगळ यांच्यात आम्ल आयतंच असतं, जंतूंची गरज पडत नाही. कैरी मिठाला लावून खाल्ली की दात आंबतात, तेव्हा इनॅमलचा वरचा थर काही काळ मऊ झालेला असतो. त्याच वेळी ब्रश घासलात तर मऊ थर खरवडून निघतो. म्हणून आंबट खाल्ल्यावर आधी साध्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रशला निदान अर्धा तास, शक्य तर तासभर थांबा. सोलकढी सोडायला मी सांगणार नाही. जेवणाबरोबर वाटीभर प्या, नारळाचं दूध असतं, साखर नसते, काही बिघडत नाही. कोकम सरबताला मात्र जपा, त्यात आम्ल आणि साखर दोन्ही आहेत. उन्हातून आल्यावर एक पेला पिणं ठीक. बाटलीत भरून बागेत नेऊन दिवसभर घोट घोट घेणं ठीक नाही. आंब्याच्या हंगामात बागेत राबणाऱ्या मुलांच्या पटाशीच्या दातांच्या कडा मी झिजून पातळ झालेल्या पाहते, त्यात या बाटलीचा आणि थंड पेयांच्या बाटलीचा मोठा वाटा असतो. तहानेला पाणी न्या.

आणि आपल्या ताटात चांगलं काय आहे तेही सांगते. पेज-भाजी, भात-आमटी, मासे, उसळी, हे जेवण दातांना मुळीच वाईट नाही. जवळा, सुकट असे कवचासकट पोटात जाणारे बारीक मासे कॅल्शियम देतात, वाढत्या मुलांना ते जरूर द्या. मात्र एकदा पडलेला खड्डा सुकट खाऊन बुजत नाही. तो भरूनच घ्यावा लागतो.

आता घासणं. खाणं सुधारलं म्हणजे ब्रश टळला असं नाही. भाताचं, मैद्याचं, कशाचंही जे पातळ कीटण दातावर बसतं ते घासल्याशिवाय निघत नाही, आणि हिरड्या सुजतात त्या त्याच्यामुळेच. आपल्याकडे सकाळी सगळे घासतात. राहतं ते रात्रीचं, आणि दोन्हींत महत्त्वाचं तेच आहे, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते. जेवणाचे कण आणि जंतू रात्रभर दातांवर राहतात, सावरायला कुणी नसतं.

रात्री का राहतं तेही मी विचारते. न्हाणी मागीलदारी, बाहेर धो धो पाऊस, डोळ्यांवर झोप. म्हणून ब्रश न्हाणीतून उचला आणि स्वयंपाकघरातल्या मोरीजवळ पेल्यात उभा करून ठेवा. भांडी घासायला घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी दात घासून टाकायचे, झोप येईपर्यंत थांबायचं नाही. त्यानंतर फक्त पाणी. दूध प्यायचं असेल तर ते आधी.

ब्रश मऊ केसांचा घ्या. पेस्टच्या नळीवर फ्लोराइड लिहिलेलं आहे का ते वाचा, साधारण १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) असावं. फ्लोराइड दातात बसलं की तो भाग आम्लाला सहज दाद देत नाही. ब्रश हिरडी आणि दात जिथे भेटतात तिथे तिरपा टेकवा, जागच्या जागी हलके हलवा, मग पुढच्या दातांवर जा. बाहेरून, आतून, चावायच्या बाजूने, अशी दोन मिनिटं. सगळ्यात जास्त चुकते ती खालच्या दाढांची जिभेकडची बाजू. शेवटी थुंका, पण पाण्याने चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड थोडा वेळ दातांवर राहील. पहिल्या रात्री विचित्र वाटेल. ब्रशचे केस फाकले की बदला, नाहीतर तीन महिन्यांनी. फटीत सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा, धागा अडकला तर पिन, टाचणी, खराट्याची काडी घालू नका. मेडिकलमध्ये फ्लॉसचा दोरा मिळतो. एकाच जागी रोज अडकत असेल तर तिथे खड्डा पडलेला आहे असं समजा आणि दाखवा.

राखुंडी, कोळसा, मीठ चोळणाऱ्यांच्या दातांच्या मुळाशी हिरडीलगत खाचा पडतात. दात पांढरे दिसतात, कारण वरचा थर झिजतो. ते सोडा.

मशेरी सोडा हे मी जास्त जोर लावून सांगते. ती भाजून काळी केलेली तंबाखू आहे, दंतमंजन नव्हे. आमच्याकडच्या कितीतरी बाया, आज्या पहाटे चिमूटभर मशेरी लावून पडवीत बसतात. ती लावली की दुखरी दाढ बधिर होते, म्हणून औषध वाटते, आणि मग दिवसातून चार वेळा लागते. आत हिरड्या खाली सरकत जातात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सुपारीही तशीच. आपल्या बागेतली असली तरी ती कर्करोगकारक आहे, तिच्याने तोंड उघडणं हळूहळू बंद होतं. आपली तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा. जात नसतील, किंवा तोंडातला पांढरा-लाल चट्टा वा जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर दुखत नसलं तरी लगेच डॉक्टरांकडे जा. व्यसन सोडवायला १८०० ११ २३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट मदत मिळते. आजीला ओरडू नका, फोन लावून द्या.

शेवटी मुलं. पहिला दात दिसला की घासायला सुरुवात. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश आईबापाने स्वतः करावा. मुलाचं डोकं मांडीवर घेऊन वरून घासलं की आतलं सगळं दिसतं. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नका, वरचे पुढचे चार दात त्यानेच काळे पडतात. चोखणीला मध तर लावूच नका, वर्षाच्या आतल्या बाळाला मध इतरही कारणाने धोक्याचा असतो. गणपतीत घरोघरच्या आरत्यांना मुलं दिवसभर प्रसाद खात फिरतात. खाऊ देत. प्रसाद डब्यात गोळा करायला सांगा आणि जेवणाबरोबर वाटा.

सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. दात न पडता येते, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी "पडेल आपोआप" म्हणून सोडून देतात. ती पडणारी नाही, जन्मभराची आहे. तुमचं मूल पाच ते सात वर्षांचं असेल तर त्याला उजेडात घेऊन तोंड उघडायला सांगा आणि चारही कोपरे बघा. दाढ आलेली असेल आणि तिच्या खाचा खोल असतील, तर त्या खाचा सीलंट नावाचा पातळ लेप लावून बुजवता येतात. त्याला सुई लागत नाही, दुखत नाही, आणि ते कीड लागायच्या आधीच करायचं असतं.