लॅपटॉपची स्लीप आणि हायबरनेटची बटणं आपल्या सोयीनं कशी लावावीत?

बऱ्याच लॅपटॉपवर कीबोर्डच्या वरच्या ओळीत चंद्रकोरीचं चित्र असलेली एक कळ असते. ही स्लीपची कळ. तिच्या शेजारीच आवाजाची किंवा ब्राइटनेसची कळ असली, तर ऐन मीटिंगमध्ये चुकून बोट पडतं आणि स्क्रीन काळी होते. दुसरीकडे, झाकण मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप संध्याकाळी काढावा तर बॅटरी संपलेली. या दोन्ही तक्रारींवर उपाय एकाच ठिकाणी आहे. कुठलं बटण दाबल्यावर काय व्हावं, हे विंडोज आपल्याला ठरवू देतं. ते एकदा नीट ठरवून टाकावं.

आधी फरक समजून घ्या

स्लीपमध्ये तुमचं उघडं काम रॅममध्येच, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतच राहतं आणि ते टिकवण्यासाठी रॅमला थोडी वीज लागत राहते. म्हणून लॅपटॉप काही सेकंदांत जागा होतो, पण बॅटरी पूर्ण उतरली तर न सेव्ह केलेलं काम जाऊ शकतं. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवर लिहिला जातो आणि लॅपटॉप जवळजवळ पूर्ण बंद होतो. उठायला थोडा जास्त वेळ लागतो, पण मधल्या काळात बॅटरी संपली तरी काम जसंच्या तसं राहतं.

अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये जुन्या पद्धतीच्या स्लीपऐवजी ‘मॉडर्न स्टँडबाय’ असतो. यात स्क्रीन बंद दिसली तरी आत अधूनमधून कामं चालू राहू शकतात, मेलही येऊ शकतात. बंद बॅगेत लॅपटॉप गरम होण्याचं हे एक कारण आहे. त्यामुळे लॅपटॉप बॅगेत टाकायचा असेल तर हायबरनेटच करावा, असं मी आग्रहानं सांगेन.

हायबरनेट चालू आहे का?

स्टार्ट मेन्यूत ‘सीएमडी’ शोधा, कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करा आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. आता कमांड टाइप करायची, अर्थातच इंग्रजी अक्षरांत: ‘पॉवर’ या शब्दाला सी, एफ, जी ही अक्षरं जोडून एक सलग शब्द, मग एक स्पेस, मग तिरपी रेघ (प्रश्नचिन्हाच्या कळीवरची, म्हणजे फॉरवर्ड स्लॅश) आणि तिला चिकटून ए. एंटर दाबल्यावर लॅपटॉपला कोणकोणत्या स्थिती जमतात याची यादी येते. एस ३ म्हणजे जुनी स्लीप, एस ० म्हणजे मॉडर्न स्टँडबाय. यादीचा दुसरा भाग उपलब्ध नसलेल्या स्थितींचा असतो. हायबरनेट त्या भागात असेल आणि ते चालू केलेलं नाही एवढंच कारण दिलं असेल, तर तोच सलग शब्द पुन्हा लिहा आणि पुढे स्पेस, तिरपी रेघ, एच, स्पेस, ऑन असं टाका. यशस्वी झाल्याचा कुठलाही संदेश येत नाही. नुसती पुढची ओळ येते. हायबरनेट चालू झालं का, हे पाहायला पहिली कमांड पुन्हा द्या.

यासाठी विंडोज सी ड्राइव्हवर एक लपलेली फाइल तयार करतं. ती सहसा रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर साडेसहा जीबीच्या आसपास. डिस्क अगदी काठोकाठ भरलेली असेल तर आधी जागा मोकळी करा.

बटणांना काम नेमून द्या

१. कंट्रोल पॅनल उघडा. ‘हार्डवेअर अँड साउंड’मधून ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जा आणि डावीकडच्या ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ या ओळीवर क्लिक करा.

२. पॉवर बटण, स्लीप बटण आणि झाकण अशा ओळी दिसतील. प्रत्येकीसमोर दोन रकाने असतात: एक बॅटरीवर असतानाचा, दुसरा चार्जर लावलेला असतानाचा. स्लीप बटणाची ओळच नसेल, तर विंडोजला तसं बटण सापडलेलं नाही.

३. चंद्रकोरीची कळ चुकून दाबली जात असेल तर तिच्या दोन्ही रकान्यांत ‘डू नथिंग’ निवडा. झाकणासाठी बॅटरीच्या रकान्यात हायबरनेट आणि चार्जरच्या रकान्यात स्लीप ठेवा. बॅटरीवर असताना झाकण मिटलं म्हणजे बहुधा आपण बाहेर निघालेलो असतो; टेबलावर चार्जर लावलेला असताना लवकर जागं होणं जास्त सोयीचं. पॉवर बटणाला मी हायबरनेट देते.

४. वरच्या ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’वर क्लिक करा, खाली हायबरनेटसमोर टिक करा आणि ‘सेव्ह चेंजेस’ दाबा. आता स्टार्टच्या पॉवर मेन्यूतही हायबरनेट दिसेल.

ऑफिसच्या लॅपटॉपवर यातले काही पर्याय कुलूपबंद असू शकतात. तिथे आयटी विभागालाच विचारावं लागेल.

कळ बंद केली तरी कीबोर्डवरून स्लीप करता येतं. विंडोज आणि एक्स एकत्र दाबा, सोडा, मग यू आणि त्यानंतर एस. शेवटी एसऐवजी एच दाबलं तर हायबरनेट. तीन टप्पे असल्यामुळे हे चुकून होत नाही.

करून बघा

चालू काम सेव्ह करा, नोटपॅडमध्ये एक ओळ लिहून ठेवा आणि नेमून दिलेलं बटण दाबा. पॉवर बटण असेल तर दाबून लगेच सोडा. धरून ठेवलं तर लॅपटॉप सक्तीनं बंद होतो. हायबरनेट झालं असेल तर उठवताना आधी कंपनीचा लोगो दिसतो आणि मग तुमची ओळ जागच्या जागी सापडते. हायबरनेटमधून उठवायला सहसा पॉवर बटणच लागतं, नुसता माउस हलवून भागत नाही.

स्लीपमधला लॅपटॉप आपोआप जागा होत असेल तर आधी माउसवर संशय घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ हा टॅब असेल, तर ‘अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कम्प्युटर’ची टिक काढा. तरीही जाग येतच राहिली तर कमांड प्रॉम्प्टमध्ये तोच सलग शब्द, स्पेस, तिरपी रेघ आणि ‘लास्टवेक’ असं एका शब्दात लिहा. शेवटची जाग कशामुळे आली, हे विंडोजला कळलं असेल तर त्याचं नाव तिथे दिसतं.