सायकलक्रॉस काळ्या मातीत: या चुका टाळा

सायकलक्रॉस म्हणजे चिखल, गवत, वाळू आणि अडथळ्यांच्या छोट्या मार्गावर फेऱ्या मारायची शर्यत; चालवता येत नाही तिथे उतरून सायकल खांद्यावर घेऊन पळायचं. त्यावरचा बहुतेक सल्ला बेल्जियम-नेदरलँड्सच्या वाळूसाठी आणि तिथल्या चिखलासाठी दिलेला असतो. तिथला हंगाम सप्टेंबर ते फेब्रुवारी. आपला चिखल जुलै ते सप्टेंबरचा, आणि तो माळव्याच्या काळ्या मातीचा. ही माती पाणी पिऊन फुगते आणि सुकायला लागली की हाताला, बुटाला, चाकाला सोडत नाही. इंदूरच्या आसपास शर्यत लावायची असेल तर आधी या मातीचा स्वभाव समजून घ्या, टायरचा ब्रँड नंतर विचारा. नवख्यांचा वेळ पाय कमी पडल्यामुळे जात नाही, चाक फिरायचं थांबल्यामुळे जातो. तरी प्रत्येक जण आधी पायांची तयारी करतो आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी सायकलकडे बघतो.

अडलेल्या पेडलवर जोर देणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही, आणि दर पावसाळ्यात कुणीतरी ती करतोच.

इंदूरजवळच्या तिल्लोरच्या बाजूच्या एका पडीक रानातली गोष्ट. आदल्या दिवशी जोरदार पाऊस, शर्यतीच्या सकाळी लख्ख ऊन. पहिल्या फेरीत सगळं ठीक. दुसऱ्या फेरीत एका नवख्या मुलाच्या सायकलमधून करकर आवाज यायला लागला, पेडल जड झालं. कडेला उभे असलेले दोघे ‘उतर, उतर’ म्हणून ओरडत होते. त्याला वाटलं, चढ आहे म्हणून जड लागतंय. तो सीटवरून उठला आणि अंगाचा सगळा भार टाकला. एकच ‘कडाक्’. हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) तुटला, डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग) चेनसकट वर ओढला जाऊन मागच्या चाकात गेला, तीन स्पोक गेले आणि चाक जागच्या जागी थांबलं. नवा डिरेलर, नवी चेन, स्पोक, आणि त्या फ्रेमचा हँगर गावात कुठेच मिळेना.

हे का होतं? माती आणि गवत मिळून दोरीसारखा पीळ बनतो आणि डिरेलरच्या दोन छोट्या चाकांमध्ये अडकतो. चेन तिथून सरकत नाही, पण वरून तुम्ही ती ओढतच राहता. मग अख्खा डिरेलर मागे-वर खेचला जातो. हँगर मुद्दाम मऊ अ‍ॅल्युमिनियमचा असतो, फ्रेमच्या आधी तो तुटावा म्हणून. तो तुटला यात त्याचा दोष नाही.

उपाय सोपा आहे, पण अधीर माणसाला जमत नाही. करकर आवाज आला किंवा चेन उडी मारायला लागली की त्याच क्षणी पेडल सोडा. उतरा, सायकल खांद्यावर घ्या आणि कडक जागेपर्यंत पळा. डिरेलरमधलं गवत बोटांनी ओढून काढा, क्रँक (पेडलचा दांडा) हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा, मगच बसा. १५ सेकंद जातात. घट्ट चिखलात मागचं सगळ्यात मोठं दातेरी चक्र वापरू नका, कारण तिथे डिरेलर स्पोकला जवळजवळ टेकलेला असतो. एक-दोन खाली ठेवा. आणि हँगर सायकल घेतानाच जास्तीचा मागवा. प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा असतो, ‘चालून जाईल’ असा दुसऱ्याचा बसत नाही.

वाफसा न बघता रेषा ठरवणं

पातळ, पाणी साचलेला चिखल भीतीदायक दिसतो पण तो चाकावर टिकत नाही, उलट आधीचं थापलेलं धुऊन नेतो. खरा त्रास वरून सुकलेल्या, आतून ओल्या मातीचा. शेतकरी या मातीत पाय घालत नाही, वाफसा येईपर्यंत, म्हणजे ओल बेताची होईपर्यंत, थांबतो. तुम्हीही त्याचीच परीक्षा करा: मार्गावर चालताना मूठभर माती घेऊन गोळा वळा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर ती जागा सायकलने पार होईल. न फुटता चपटा होऊन बसला आणि तळहाताला काळा थर राहिला, तर तिथे चालवायचा हट्ट सोडा; पळायची रेषा ठरवा. डबकं टाळून कडेच्या सुकत्या मातीतून जाणारे पुढच्या ५० मीटरमध्ये थांबलेले दिसतात. डबक्याचा तळ चालत जाऊन एकदा तपासा आणि कडक असेल तर सरळ मधून जा.

जास्त रुंद टायर

आपल्याकडे खास सायकलक्रॉसच्या सायकली कमीच, बरेच जण ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याच्या) सायकलवर ४० मिमीचे टायर घालून येतात. ‘रुंद टायर, जास्त पकड’ हे कोरड्यात ठीक. काळ्या मातीत टायर आणि फ्रेममधली फट भरली की पकडीचा प्रश्नच उरत नाही. यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या) शर्यतीत टायरची मर्यादा ३३ मिमी आहे. स्थानिक शर्यतीत तशी सक्ती नसली तरी ३३ ते ३५ घ्या आणि दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी फट ठेवा. सायकल धुवून वाळल्यावर फ्रेमच्या खालच्या बाजूला आणि फोर्कच्या आत सिलिकॉन स्प्रे मारा, माती लवकर सुटते. मारताना डिस्क आणि ब्रेक पॅड कापडाने झाका. स्प्रेचा एक थेंब पॅडवर गेला तरी ब्रेक गेला.

हवेचा दाब अंदाजाने भरणं

‘अंगठ्याने दाबून बघितलं, बरोबर आहे’ हे ऐकून कंटाळा आला आहे. ३३ मिमीच्या टायरमध्ये २४ आणि ३० पीएसआय यात वळणावर जमीन-अस्मानाचा फरक पडतो आणि अंगठ्याला तो कळत नाही. घरच्या उभ्या पंपावरचा काटाही इथे कामाचा नाही. तो १६० पर्यंतच्या मापाचा असतो, ३० च्या खाली त्याच्यावर विसंबू नका. कमी दाबासाठीचा वेगळा गेज घ्या. नव्या हँडलबार टेपच्या आधी घ्या.

७० किलोच्या माणसाने ट्यूबलेसवर पुढे २४, मागे २६ पासून सुरुवात करावी. घट्ट चिखलात दोन्हीकडे २ ने कमी, कोरड्या दगडी मार्गावर २ ते ४ ने जास्त. ट्यूब असेल तर ३२ च्या खाली जाऊ नका, रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि दोन समांतर चिरा पडतात. दाब ठरवताना मार्गावरच्या सगळ्यात वाईट दगडावरून शर्यतीच्या वेगाने जा. रिम दगडाला टेकल्याचा आवाज येईपर्यंत एक-एक पीएसआय सोडत राहा, आवाज आला की २ वाढवा. तोच आकडा लिहून ठेवा, सोबत माती कशी होती तेही.

सीलंट (ट्यूबलेस टायरमधली छिद्रं आतून बंद करणारं द्रव) प्रत्येक टायरमध्ये ४० ते ६० मिली. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, म्हणून दर दोन महिन्यांनी हलवून बघा, छळछळ आवाज येत नसेल तर भरा. पावसाळा संपला की सराटे आणि बाभळीचे काटे, सोयाबीन काढल्यावर टोकदार खुंट. सुकलेलं सीलंट यातलं काहीच बंद करत नाही.

अडथळ्याच्या तोंडाशी येऊन उतरणं

मार्गावर अडथळा म्हणून आडव्या लावलेल्या फळ्या जास्तीत जास्त ४० सेंमी उंच आणि एकमेकींपासून ४ मीटर असतात. त्यावरून सायकल उडवण्याचे व्हिडिओ बघून आलेला प्रत्येक जण तेच करू बघतो. आधी उतरायला शिका. ब्रेक लवकर मारून पळण्याच्या वेगावर या. उजवा पाय पेडलमधून काढून सीटच्या मागून डावीकडे आणा, उजव्या हाताने वरची नळी धरा. डाव्या पायाची टाच आधीच किंचित बाहेर वळवून ठेवा, कारण क्लीटमध्ये (बूट पेडलला अडकवणाऱ्या तुकड्यात) माती भरलेली असली तर तो पाय सुटत नाही आणि माणूस तोंडावर पडतो. डावा पाय सगळ्यात शेवटी, जमिनीला टेकतानाच सोडायचा. परत बसताना सीटवर उडी मारू नका. उजव्या मांडीची आतली बाजू सीटवर टेकवून सरकत बसा.

सराव सपाट गवतावर, चालण्याच्या वेगाने, रोज १५ मिनिटं. दोन उभ्या विटांवर हलकी फळी ठेवा, पाय लागला तर ती पडली पाहिजे. वेग आपोआप वाढतो. पहिल्या आठवड्यातच वेगाने करू बघणाऱ्यांचे गुडघे सोलतात आणि ते सराव सोडतात.

थोडक्यात सांगण्यासारख्या

बाटलीचा स्टँड शर्यतीआधी काढा, नाहीतर सायकल खांद्यावर बसत नाही. खांद्यावर घेतल्यावर उजवा हात पुढच्या बाजूने, फ्रेमखालून नेऊन हँडलचं डावं टोक धरा, म्हणजे चाक डोक्यावर आपटत नाही.

ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही.

शर्यतीच्या तासभर आधी पोहे-जिलबी खाऊ नका. तीन तास आधी खा, नंतर फक्त पाणी.

सुरुवातीला जागा मिळवायची ती पहिल्या अरुंद वळणापर्यंत. त्यानंतरही तोच जोर लावणारे ४० मिनिटांच्या शर्यतीत दहाव्या मिनिटाला चालताना दिसतात.

मार्च ते मेमध्ये भेगाळलेल्या रानात सराव करत असाल तर भेग तिरकी पार करा. समांतर गेलात तर ३३ मिमीचं चाक सरळ आत जातं.

शर्यत संपल्यावर गाडी धुण्याच्या दुकानातला जोराचा फवारा हबवर (चाकाच्या मध्यावर) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलचे दांडे फ्रेममध्ये फिरतात तिथे) मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून पाणी आत जातं आणि महिन्याभरात चाक खरखरायला लागतं. बादली, मऊ ब्रश, साधं पाणी पुरतं, फक्त माती वाळायच्या आत धुवा. वाळलेली काळी माती खरवडून काढावी लागते, त्यात रंगही जातो. चेन कापडाने कोरडी करून त्याच संध्याकाळी प्रत्येक कडीवर एक-एक थेंब तेल घाला, दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका.