चांगली नोकरी सोडताय? मग या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी 11 वर्षं डिस्पॅच सांभाळलं. सात तारखेला पगार, दिवाळीला बोनस, दुपारी घरचा डबा. त्रास असा काहीच नव्हता, म्हणूनच पाय निघत नव्हता. आता घरच्या पुढच्या खोलीत चार मशिनी टाकून युनिफॉर्म शिवून देतो. "एवढं धाडस कसं झालं रे तुला?" असं बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

धाडस येईल म्हणून थांबणं

मी तीन वर्षं थांबलो. एखाद्या सकाळी छाती भरून येईल आणि राजीनामा देईन असं वाटायचं. तसं होत नाही. त्यात आमचे अण्णा गिरणी कामगार. गिरणी बंद पडल्यावर घरात काय झालं ते आईनं सोसलंय, म्हणून तिचं एकच म्हणणं, "पगार चालू हाय न्हवं, मग कशाला?" सोलापुरात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. मी आईशी वाद घालत बसलो, ही आणखी एक चूक. तिची भीती खरी होती, तिला उत्तर हिशेबानंच द्यायला हवं होतं.

शेवटी दोनशे पानी वही घेतली. किराणा, दूध, शाळेची फी, लाइट बिल, सिलिंडर, अण्णांच्या गोळ्या असं सगळं लिहिलं. शिल्लक नऊ महिने पुरेल असं निघालं. वही आईपुढे ठेवली. तिनं चष्मा लावून बोट फिरवत एकेक ओळ वाचली आणि म्हणाली, "लग्नातला आहेर कुठं लिहिलास?" तो धरल्यावर नवाचे आठ महिने झाले. पण त्या दिवसापासून ती विरोधात राहिली नाही. आणि मलाही 'काय होईल' याऐवजी 'आठ महिने' असा धड आकडा मिळाला.

रागाच्या भरात राजीनामा

एवढं करूनही मी ऑगस्टमध्ये साहेबांशी वाजल्यावर तडकाफडकी कागद दिला. सीझन बघितलाच नाही. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडतात. शाळेच्या युनिफॉर्मचं काम त्याआधीचे चार-पाच महिने, आणि दुकानदार पैसे मोकळे करतो ते शाळा उघडून माल खपल्यावर. म्हणजे सप्टेंबरपासून मी हात बांधून बसलो, आणि माझे आठ महिने एप्रिललाच संपणार होते. जानेवारीत सोडली असती तर तेवढ्याच पैशात निभावलं असतं. तुमचा धंदा चादरीचा असो, क्लासेसचा असो, पहिला पैसा हातात कोणत्या महिन्यात पडतो ते आधी बघा आणि तिथून मागे मोजत या.

मेडिक्लेम विसरणं

हे मला सर्वात महागात पडलं. कारखान्याच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील होते. नोकरी संपली तशी ती सुटली. ऑक्टोबरमध्ये अण्णांची अँजिओप्लास्टी झाली आणि शिलकीला मोठं भगदाड पडलं. नवी पॉलिसी घेतली तरी आधीपासून असलेल्या बीपी-शुगरसारख्या आजारांना 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढा. निदान ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे शेवटच्या दिवसाआधी विचारून घ्या.

पीएफचं थोडक्यात सांगतो. सलग 5 वर्षं भरायच्या आत काढलात तर कर लागतो, आणि पेन्शनसाठी 10 वर्षांची नोकरी लागते. काठावर असाल तर थांबा. ग्रॅच्युइटीचंही बघा, म्हणजे इतकी वर्षं काम केल्याबद्दल नोकरी सोडताना मालकाकडून मिळणारी रक्कम. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000 असेल आणि 10 वर्षं झाली असतील, तर 75,000 रुपये होतात. ती रक्कम कुणी उपकार म्हणून देत नाही, ती हक्काची आहे.

आधी बोर्ड, मग गिऱ्हाईक

माझ्या एका मित्रानं नवी पेठेत गाळा घेतला, काचेचं काउंटर केलं, उद्घाटनाला शंभर माणसं जेवली. डिपॉझिटमध्ये भांडवल अडकलं आणि कापड उधारीवर आणायची वेळ आली. दोन ऑर्डरी नोकरीत असतानाच, रविवारी बसून पूर्ण करून बघा. माल जातो का, पैसे येतात का, ते तिथंच कळतं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. पण शिवणकाम करणाऱ्यानं ती जरूर करावी. नोंदणी असेल तर करारात काहीही लिहिलं असलं तरी 45 दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर कायद्यानं बंधनकारक आहे. बिलावर उद्यम नंबर छापायला लागल्यापासून माझी वसुली सुधारली.

तरीही पैसे संपत आले तर?

माझे आले होते. तीन महिन्यांचा खर्च उरला तेव्हा मी आठवड्याचे तीन दिवस दुसऱ्या एका कारखान्यात डिस्पॅचचं काम धरलं. सुरुवातीला ओळखीचं कुणी गेटवर भेटलं की मान खाली जायची. पण त्या पैशांवर किराणा भागला आणि उरलेले चार दिवस मशीन चालू राहिली. ऑगस्टमध्ये शाळेच्या कामाचे पहिले पैसे आले, तेव्हा ते काम सोडलं. या वेळी महिनाभर आधी सांगून.