मफलरवाला बोका: चाळीस-एक चित्रांत अर्ध्या मिनिटाचं कार्टून कसं करावं

कार्टूनमध्ये सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणारी २४ स्थिर चित्रं. एक चित्र दोन फ्रेमना वापरलं तरी सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे अर्ध्या मिनिटाला ३६०. तीही एकाच पात्राची. कार्टून करायची हौस असलेली बरीच मंडळी या हिशेबापाशीच वही मिटतात.

१९५७ साली विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांच्यापुढेही हाच हिशेब होता. ‘टॉम अँड जेरी’ला सात ऑस्कर मिळाले, तरी एमजीएम या चित्रपट कंपनीने कार्टून विभाग बंद केला आणि या दोघांनी टीव्हीसाठी स्वतःचा स्टुडिओ काढला. टीव्हीवाल्यांकडे पैसा नव्हता. पाच मिनिटांच्या भागाला सुमारे ३,००० डॉलर मिळायचे, सिनेमागृहातल्या कार्टूनच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. त्याच पैशांत डिसेंबर १९५७ मध्ये ‘रफ अँड रेडी’ आलं, १९५८ मध्ये ‘हकलबेरी हाउंड’ आणि त्यातला योगी बेअर, १९६० मध्ये ‘फ्लिंटस्टोन्स’. केबल आल्यावर आपल्यातल्या अनेकांनी हीच कार्टून्स शाळेतून घरी येऊन पाहिली.

कमी चित्रांत भागवायच्या त्यांच्या युक्त्या आज मोबाइल, ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचे कागद) आणि जेवणाचं टेबल एवढ्यावर जमतात. उदाहरणाला आपण अर्ध्या मिनिटाची गोष्ट घेऊ. गळ्यात मफलर घातलेला बोका लगबगीने रस्त्याने चाललाय. कुंपणावर कावळा ओरडतो. बोका वर बघतो, म्हणतो, “बापरे, पाऊस आला!” आणि धूम पळतो. धडाम!

आधी आवाज, मग पोझ

पेन्सिल नंतर हातात घ्या. आधी आवाज रेकॉर्ड करा. कपड्यांच्या कपाटासमोर उभं राहून बोललात तर खोली घुमत नाही. त्या काळच्या टीव्ही कार्टूनचा निम्मा जीव डॉस बटलर आणि डॉन मेसिक यांच्या गळ्यात होता. योगी बेअरचा आवाज बटलर यांचा. चित्र हलणार कमी, तेव्हा आवाजाने जास्त बोललं पाहिजे. त्यामुळे संवाद पाच-सहा वेळा म्हणा आणि डोळे मिटून ऐकल्यावर बोका दिसेल तोच निवडा. धडामसाठी पितळी पातेलं आणि चार वाट्या पुरतात. पळण्यासाठी ढोलकीवर बोटांनी भरभर वाजवा.

आता गोष्टीतल्या मुख्य क्षणांची सात-आठ स्थिर चित्रं काढा. बोका चालतोय, कावळा ओरडतोय, बोका वर बघतोय, असं. मोबाइलवर ती आवाजाखाली एकामागून एक लावा. याला पोझ रील म्हणतात. एमजीएममध्ये असताना हॅना आणि बार्बेरा ‘टॉम अँड जेरी’चा अंदाज घ्यायला अशाच रीळा करत. नुसत्या पोझ आणि त्यांची वेळ एवढ्यावरही हसू येतं हे त्यांना तिथे दिसलं होतं, आणि टीव्हीसाठी हात आखडायची वेळ आली तेव्हा तेच कामाला आलं.

माझ्या मते सगळ्या पद्धतीचं मर्म इथे आहे. स्थिर पोझमध्ये गोष्ट कळत नसेल, तर तीनशे चित्रं काढूनही कळणार नाही. घरातल्या एखाद्याला काही न सांगता ही रीळ दाखवा. त्याला प्रश्न पडला तर पोझ बदला. प्रश्न पडला नाही, तरच पुढे जा.

बोक्याचे तुकडे करा

बोक्याला मफलर का? योगीच्या गळ्यात कॉलर आणि टाय का होता, त्याच कारणासाठी. डोकं वेगळ्या सेलवर (सेल म्हणजे चित्र काढायची पारदर्शक शीट), धड वेगळ्या सेलवर, आणि मधला सांधा कॉलरखाली झाकलेला. डोकं बोलतं, वळतं, मान डोलावतं; धडाचं चित्र तेच राहतं. मफलर चांगला जाड काढा. पहिल्या वेळी मी बारीक पट्टीसारखा काढला होता, तर डोकं कलताच सांधा उघडा पडायचा आणि मला दोन्ही डोकी पुन्हा काढावी लागली.

ओएचपी शीटच्या एका बाजूने काळ्या परमनंट मार्करने रेषा काढा आणि उलट्या बाजूने अ‍ॅक्रिलिक रंग भरा, म्हणजे रेषेवर रंग चढत नाही. सेलवरही असंच करत. प्रत्येक शीटला पंचिंग मशीनने त्याच जागी दोन भोकं पाडा आणि पुठ्ठ्यावर दोन खुंट्या पक्क्या बसवा. शीट दर वेळी त्यांतच अडकवायची, म्हणजे चित्र थरथरत नाही.

बोक्याचा हिशेब असा: धडं ४, डोकी २ (समोर बघणारं आणि वर बघणारं), हात ४, चालणाऱ्या पायांची चित्रं ८, धुळीचे लोट २. प्रत्येक डोक्यासाठी डोळे ३ (उघडे, अर्धे, मिटलेले) आणि तोंडं ६. एकूण ३८. कावळ्याला मात्र धड १, पंख २ आणि चोच २ एवढंच पुरतं, कारण चोच फक्त उघडते नि मिटते. बजेट कमी असेल तर पक्षी घ्यावा. सगळी मिळून ४३ चित्रं झाली.

तोंड: इथे वेळ द्या

प्रेक्षकाची नजर बोलणाऱ्याच्या तोंडावर असते, म्हणून इथे कंजुषी नको. १९५९ च्या ‘क्लच कार्गो’ या टीव्ही कार्टूनमध्ये स्थिर चित्रावर खऱ्या माणसाचे हलणारे ओठ बसवले होते. स्वस्त पडलं, पण चित्रातल्या चेहऱ्यावर जिवंत ओठ बघताना अंगावर काटा येतो. त्या वाटेला जाऊ नका. मराठीसाठी सहा तोंडं पुरतात: मिटलेलं (प, ब, भ, म), मोठं उघडं (आ), रुंद (ए, ई), गोल (ओ, उ), दातावर दात (स, श, च, ज) आणि किंचित उघडं (त, न, ल, र, क).

“बापरे, पाऊस आला!” हे वाक्य दीड सेकंदाचं, म्हणजे सेकंदाला १२ प्रमाणे १८ फोटोंचं धरू. पहिला फोटो मिटलेलं तोंड, ब. २ आणि ३ मोठं उघडं. ४ मिटलेलं, प. ५ आणि ६ रुंद, रे. ७ पुन्हा मिटलेलं. ८ आणि ९ उघडं. १० आणि ११ गोल, ऊ. १२ दात. १३ आणि १४ उघडं. १५ किंचित उघडं, ल. १६ ते १८ उघडं, कारण शेवटचा आ लांबतो.

आरशासमोर वाक्य म्हणून बघा. ब आणि प ला ओठ मिटतातच. बाकी सगळं थोडं चुकलं तरी चालतं, पण ओठ मिटणारं अक्षर चुकलं की आवाज दुसरीकडूनच येतोय असं वाटतं. तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी बदललं तर चालेल. उशिरा बदललं की लगेच खुपतं.

चाल आणि लांब पट्टी

‘फ्लिंटस्टोन्स’मध्ये फ्रेड घरात पळतो तेव्हा मागून तीच खिडकी, तोच दिवा पुन्हा पुन्हा जातो. बालपणी ते गमतीचं वाटायचं. आता तेच स्वतः करायचं.

पायांची ८ चित्रं, त्यांत दोन पावलं. आठवं चित्र संपलं की पुन्हा पहिलं. पाऊल ४ सेंटिमीटरचं असेल तर दोन पावलांत बोका ८ सेंटिमीटर जातो, म्हणजे चित्रामागे १ सेंटिमीटर. तेव्हा बोका जागेवर ठेवा आणि खालची पार्श्वभूमीची पट्टी दर फोटोला १ सेंटिमीटर मागे सरकवा. पट्टीच्या कडेला फुटपट्टी चिकटवून ठेवा. हे माप चुकलं तर बोका बर्फावरून घसरत चालल्यासारखा दिसतो.

पट्टी किती लांब? फ्रेम, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणारा भाग, २४ सेंटिमीटर रुंद धरा. ४८ सेंटिमीटरची घरं, कुंपण, झाड काढा आणि पुढे सुरुवातीचे २४ सेंटिमीटर जसेच्या तसे पुन्हा उतरवा. एकूण ७२. ४८ फोटो झाले की पट्टी उचलून शून्यावर आणा. प्रेक्षकाला सांधा कळत नाही, आणि बोका हवा तितका वेळ चालू शकतो. पट्टीत फार ठळक वस्तू मात्र ठेवू नका. लाल पोस्टाची पेटी दर चार सेकंदांनी आली की लक्षात येते.

धडाम बाहेर होऊ द्या

पळणारा बोका फ्रेमबाहेर गेला. मागे धुळीचे लोट, दोन चित्रं आलटून पालटून. मग पातेल्याचा आवाज, आणि पाच-सहा फोटोंपुरता कावळ्याचा कागद दोन-तीन मिलिमीटर इकडे तिकडे हलवा. आदळणं दाखवायचंच नाही. ते काढायला तीसेक चित्रं लागली असती, आणि कावळ्याची सावकाश उघडणारी चोच त्याहून मजेदार ठरते.

फोटो

एका तक्त्यात प्रत्येक फोटोसमोर धड, डोकं, डोळे, तोंड आणि पट्टीचं माप लिहा. हीच एक्सपोजर शीट. ती भरायच्या आधी फोटो काढायला बसू नका, मधेच विसरायला होतं. मोबाइल वर पक्का बांधून कॅमेरा खाली रोखा, स्टॉप मोशन अ‍ॅपमध्ये सेकंदाला १२ फोटो ठेवा, फोकस आणि प्रकाश लॉक करा. दोन्ही बाजूंनी तिरके दिवे लावा आणि वरची ट्यूब बंद ठेवा, नाहीतर शीटवर ती चमकते. वरून स्वच्छ काच ठेवली की शीट सपाट बसतात.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक शीटने खालचा रंग जरासा मंदावतो. एका फोटोत चार शीट आणि पुढच्यात तीन असतील, तर बोक्याचा रंग लुकलुकतो. स्टुडिओतही कमी पडलेल्या थराच्या जागी कोरा सेल ठेवत. तुम्हीही तेच करा.

बोका गप्प उभा असेल तेव्हा दर दोन-तीन सेकंदांनी पापणी लववा: अर्धा, मिटलेला, अर्धा, तीन फोटो. एवढ्याने तो जिवंत राहतो.

काम झालं की शीट टाकू नका. १ जानेवारी १९६३ ला जपानी टीव्हीवर ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ सुरू झालं, तेव्हा ओसामु तेझुका यांच्या स्टुडिओने काढलेली चित्रं जपून पुन्हा वापरायची ‘बँक’ ठेवली होती. दूरदर्शनवर ‘ही-मॅन’ बघितलेल्यांना तलवार उंचावतानाचं तेच दृश्य भागाभागांत यायचं ते आठवत असेल. तीही अशीच साठवण. तोंडं एका लिफाफ्यात, पाय दुसऱ्यात, डोळे तिसऱ्यात ठेवा आणि वर नाव लिहा. पुढच्या भागात बोक्याला छत्री द्यायची असेल, तर छत्री धरलेला एक हात आणि पावसाच्या तीन शीट एवढंच नवं काढावं लागेल.