पगार अर्धा झाला तेव्हा

महासाथीत पगार अर्ध्यावर आला, त्या रात्री मी जुन्या वहीचं मागचं पान उघडून मधोमध रेघ मारली. डावीकडे न टळणारे खर्च: भाडं, किराणा, औषधं, वीज. उजवीकडे बाकी सगळं. तुम्हीही आधी हेच करा, तेही पेन्सिलनं. माझ्या दोन नोंदी आठवड्याभरातच रेघ ओलांडून उजवीकडे गेल्या.

सरकारी मदतीचा अर्ज अधिकृत संकेतस्थळावरूनच भरा. बँकखात्यावरचं आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना, ते बघा. माझा अर्ज एका वेलांटीपायी अडकला होता. ओटीपी मागणारा फोन सरळ ठेवून द्यायचा.

हप्ता पुढे ढकलायची सवलत म्हणजे माफी नव्हे. इथे भलेभले फसतात. समजा कर्ज १,००,००० बाकी आहे, व्याज वर्षाला १२ टक्के. तीन महिने थांबलात आणि व्याज मुद्दलात चढत गेलं, तर बाकी सुमारे १,०३,०३० होते. हातात पैसे असतील तर हप्ता भरत राहा.

गुंतवणूक त्यानंतर. आधी तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढा, क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडा, मग इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर निर्देशांकातल्या कंपन्यांत पैसे विभागून घालणाऱ्या फंडात, दरमहा थोडी रक्कम. २०२० मध्ये अमेरिकेचा एस अँड पी ५०० हा ५०० मोठ्या कंपन्यांचा शेअर निर्देशांक फेब्रुवारी-मार्चच्या पाच आठवड्यांत सुमारे ३४ टक्के घसरला आणि ऑगस्टमध्ये जुन्या उंचीवर परतला. मी मार्चमध्येच घाबरून सगळं विकून मोकळा झालो होतो! म्हणून पुढची पाच वर्षं लागणार नाहीत तेवढेच पैसे तिथे घाला.