कापडी पॅड नि कप वापरताय? कोकणातल्या पावसात या चुका टाळा

गेल्या काही वर्षांत आमच्या वाडीतल्या, नात्यातल्या कितीतरी जणींनी पाळीसाठी कापडी पॅड घेतले, कप (आत घालायचा सिलिकॉनचा मेन्स्ट्रुअल कप) घेतले, आणि त्यातल्या बऱ्याच जणी दोन-तीन महिन्यांत परत दुकानातल्या पॅडवर गेल्या. विचारलं की उत्तर ठरलेलं, वास येतो गं, सुकतच नाही, गळतं, मला नाही जमत. प्रत्येकीशी नीट बसून बोलले तेव्हा कळलं की वस्तू वाईट नव्हती, फक्त आपल्या हवेत ती कशी वापरायची हे कुणी सांगितलंच नव्हतं. जे व्हिडिओ बघून आपण शिकतो ते सगळे शहरातल्या फ्लॅटमधले, तिथे बाल्कनीत ऊन नि मशीनला ड्रायर. आमच्याकडे जून ते सप्टेंबर 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, भिंतींना ओल, कपाटातल्या चपलेला बुरशी, तिथे पॅड सुकवणं हे वेगळंच काम आहे. म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिली चूक: पावसाळ्यात सुरुवात करणं

जूनमध्ये चार पॅड आणायचे आणि जुलैत कंटाळून टाकायचे, हे मी सगळ्यात जास्त बघितलंय. आपण अगोटीची तयारी करतो ना, लाकडं, सुकी मच्छी, मसाले, सगळं मे महिन्यात भरून ठेवतो, तसंच हेही धरा. दिवाळीनंतर किंवा अगदी उशिरा म्हणजे शिमग्याला सुरुवात करा, म्हणजे कोरड्या हवेत दोन-चार पाळ्या जातात, हात बसतो, कुठला पॅड किती वेळ पुरतो ते कळतं. उन्हाळ्यात 7-8 पॅडवर भागतं, पावसात मात्र 12-14 तरी हाताशी हवेत कारण निम्मे कायम वलणीवरच असणार.

घेताना अजून एक बघा. जाड, सगळे थर एकत्र शिवलेला, खाली प्लास्टिकचं अस्तर असलेला पॅड दिसायला भारी असतो पण श्रावणात तो तीन-तीन दिवस सुकत नाही, वरून कोरडा लागतो आणि आत दाबलं की गार. त्याऐवजी उलगडून एकेरी होणारा घ्या, म्हणजे वरती बटणवाली पातळ पट्टी आणि आत घडी घालायचं सुती कापड वेगळं. कापड उलगडलं की रुमालासारखं पातळ होतं आणि पंख्याखाली एका रात्रीत सुकतं.

माझ्या सासूबाई तर जुन्या सुती लुगड्याच्या घड्याच वापरायच्या. मी एकदा पावसात घाईघाईने अर्धवट ओला पॅड घ्यायला लागले तर त्यांनी हात धरला, "असां ओलां वापरू नको गो, खाज येतली." आणि खरंच आहे ते. ओल, ऊब आणि घट्ट कपडा एकत्र आला की बुरशीचं इन्फेक्शन व्हायला वेळ लागत नाही. ज्यांना कापडाने रॅश आला त्यातल्या बहुतेकींना तो ओलीने आलेला असतो, कापडाने नाही.

सुकवताना होणाऱ्या चुका

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लपवून वाळवणं. साडीखाली, टॉवेलखाली, न्हाणीतल्या दाराच्या मागे, माळ्यावर अंधारात. तिथे हवा नाही, ऊन नाही, मग वास येणारच, आणि मग आपण म्हणतो कापडाला वास येतो. उन्हाने नुसतं सुकत नाही, जंतूही कमी होतात, म्हणून उघडीप मिळाली की दोन तास का होईना पॅड खळ्यात, म्हणजे अंगणात, उघड्यावर यायला हवेत. मला माहितीये हे बोलायला सोपं आहे, ज्या घरात अजून पाळीत चार दिवस बाहेर बसायला लावतात तिथे पॅड वलणीवर घालणं म्हणजे मोठी गोष्ट. मी सुरुवातीला रंगीत, फुलाफुलांचे पॅड घेतले आणि मुलाच्या लहान कपड्यांच्या मधे घालायचे, कुणाच्या लक्षातही यायचं नाही. आता तसंच घालते. कुणी विचारलं तर सांगते काय आहे ते.

पावसात सुकवायची माझी पद्धत अशी: धुतलेला पॅड पिळायचा, मग कोरड्या जाड टॉवेलमध्ये ठेवून गुंडाळी करायची आणि त्या गुंडाळीवर पायाने दाब द्यायचा, चांगला पूर्ण वजनाने. टॉवेल जे पाणी ओढून घेतो ते बघून आश्चर्य वाटतं. मग पंख्याखाली, एकावर एक न घालता, मधे हात जाईल एवढी जागा सोडून. लाईट गेली तर पडवीत जिथून वारा जातो तिथे. चुलीच्या अगदी वर टांगू नका, धुराचा वास बसतो आणि काजळी धरते.

आणि इस्त्री! इथे खूप जणी चुकतात. नुसतं सुती कापड असेल तर शेवटची ओल काढायला गरम इस्त्री फिरवा, उत्तम. पण खाली अस्तर असलेल्या पॅडला किंवा पिरियड पँटीला (आत शोषणारे थर शिवलेली चड्डी) इस्त्री लावली किंवा उकळत्या पाण्यात टाकलं तर ते अस्तर सुटतं, बारीक भेगा पडतात आणि पुढच्या महिन्यात गळायला लागतं. मग दोष कंपनीला.

सुकलेत का हे हाताने नाही कळत कारण पावसात सगळंच गार लागतं. गालाला लावून बघा, गालाला ओल लगेच कळते. आणि मग ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, सुती पिशवीत ठेवा. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकतो त्यात तर अजिबात नाही, तो वास आणि ते रसायन नाजूक त्वचेला लागतं, जळजळ होते. काळे बारीक ठिपके दिसले म्हणजे बुरशी धरली, तो पॅड परत अंगाला लावू नका, कितीही नवा असला तरी.

धुण्याबद्दल थोडं

गरम पाण्यात आधी टाकू नका, गरम पाण्याने रक्तातलं प्रोटीन घट्ट होतं आणि डाग कायमचा बसतो. आधी गार पाणी, लाल पाणी जाईपर्यंत, मग साधा साबण. रात्रभर बादलीत भिजत ठेवायची सवय आपल्याकडे सोडायला हवी, दमट हवेत सकाळपर्यंत त्याला कुबट वास येतो. अर्धा-एक तास पुरे. कंफर्ट वगैरे सॉफ्टनर नको, त्याचा थर बसला की कापड पाणी ओढत नाही, वरून वाहून जातं. ब्लीचही नको.

खाडीकाठच्या गावांत मे महिन्यात विहिरीला खारं पाणी लागतं, साबणाला फेस येत नाही, मग आपण अजून साबण घासतो आणि तो कापडातच राहतो, पॅड पुठ्ठ्यासारखा कडक होतो. त्या दिवसांत साबण कमी वापरा आणि शेवटचं खळबळणं तरी गोड्या पाण्यात करा.

कपच्या चुका

माझं प्रामाणिक मत सांगते, पावसाचे चार महिने कप आणि बाकीचे महिने मन असेल ते, कापड नाहीतर कप. कारण कपाला सुकवायची भानगडच नाही, आणि मे महिन्यात पाणी नसतं तेव्हाही एका तांब्यात काम होतं. लावणीच्या दिवसांत तर विचारू नका, गुडघाभर चिखलात वाकून, वर इरलं, दिवसभर पाण्यात, पॅड बाहेरचंच पाणी पिऊन फुगतो आणि मांड्या सोलवटून निघतात. शेजारच्या काकी पन्नाशीला आल्या तेव्हा पहिल्यांदा कप वापरून लावणीला गेल्या, संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाल्या, इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही.

पण पहिल्याच दिवशी जमेल असं धरून चालू नका. 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या सार्वजनिक आरोग्याच्या अंकात 43 अभ्यास आणि 3300 च्या वर बायकामुलींची माहिती एकत्र करून एक आढावा आला होता, त्यात दिसलं की कपाची सवय व्हायला काही महिने लागतात आणि एकदा जमलं की साधारण 70 टक्के जणींना तोच चालू ठेवायचा असतो. गळतीही पॅडपेक्षा जास्त नाही. म्हणजे दोन-तीन पाळ्या द्यायच्याच.

गळतो तेव्हा बहुतेक वेळा कप आत नीट उघडलेला नसतो. घातल्यावर बोट कपाच्या कडेने गोल फिरवा, कुठे घडी किंवा खोलगट लागलं तर कप थोडा फिरवा, उघडतो. तरी गळत असेल तर बहुधा भरलाय किंवा साईज चुकली. कडेच्या बारीक भोकांत घाण अडकली असेल तर हवेची पकड नीट बसत नाही, पाणी भरून, तळवा लावून दाबा, भोकातून पिचकारी निघाली पाहिजे.

काढताना दांडी धरून ओढणं ही सगळ्यात दुखरी चूक. दांडी फक्त कप कुठे आहे ते शोधायला आहे. उकिडवं बसा (आपल्याला देशी संडासाची सवय आहे ते इथे कामाला येतं), खाली थोडा जोर द्या, कपाचा तळ दोन बोटांनी चिमटीत दाबा म्हणजे पकड सुटते, मग हलवत हलवत बाहेर. घाबरलात की स्नायू आवळतात आणि कप वर जातो, तेव्हा दहा मिनिटं थांबा, तो आत हरवत नाही, जायला जागाच नाही. संडासात पडला तर मात्र परत वापरू नका.

गणपतीत घरात वीस माणसं, न्हाणी एक, बाहेर रांग. तेव्हाच पॅड बदलायची पंचाईत होते. कप असेल तर सकाळी पहाटे आणि रात्री, दोनदा. मधे साबण लागत नाही, साधं पाणी बस. पण पावसात विहिरीचं पाणी गढूळ होतं, त्याने धुऊ नका, उकळून गार केलेलं पाणी छोट्या बाटलीत भरून आत न्या. 12 तासांच्या वर कधीच ठेवायचा नाही, पाव्हणे असले तरी. आणि हात आधी धुवा, मासे कापून, मिरच्या चिरून आलेले हात दोनदा धुवा.

पाळीच्या आधी आणि नंतर कप 4-5 मिनिटं उकळायचा. मी दुसऱ्याच महिन्यात कप गॅसवर ठेवला आणि वाऱ्याने पडलेली माडाची चुडतं ओढायला परड्यात गेले. परत आले तर पाणी आटलेलं, कपाचा तळ टोपाला चिकटलेला, घरभर जळका वास. तेव्हापासून टोप वेगळा, पाणी कप पूर्ण बुडेल एवढं, आणि तिथून हलायचं नाही. डेटॉल, सॅव्हलॉन घालू नका, आतल्या त्वचेला ते सहन होत नाही. खोबरेल तेल लावू नका, आत जाताना पाण्याने ओला केला की पुरतं.

तांबी बसवलेली असेल तर कप घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचाराच, ओढताना तांबी सरकू शकते. बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा. कप आत असताना अचानक खूप ताप, उलट्या, अंगावर लाल पुरळ, चक्कर असं झालं तर कप काढा आणि लगेच दवाखाना गाठा. हे फार क्वचित होतं पण वाट बघायची गोष्ट नाही. वास वेगळा येतोय, दह्यासारखं पांढरं जातंय, खाज थांबत नाही तर घरगुती उपाय न करता प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) दाखवा.

शाळेतल्या मुलींवर कपाची जबरदस्ती नको. तिला हवा असेल तर ती नक्की वापरू शकते, नसेल तर कापड आहे, पिरियड पँटी आहे.

"विघटनशील" लिहिलंय म्हणून कुठेही टाकणं

केळीच्या किंवा बांबूच्या धाग्याचे पॅड आता मिळतात, चांगले आहेत, पण तेही एकदाच वापरायचे. पाकिटावर विघटनशील लिहिलंय म्हणून लोक ते संडासात टाकतात. आपल्याकडे घरोघरी शोषखड्डा, तिथे कुठलाच पॅड आपसूक नाहीसा होत नाही, फुगतो आणि पाईप बंद करतो. आणि वरचं अस्तर, चिकटपट्टी खरंच विघटनशील आहे का ते पाकीट वाचून बघा.

न्हाणीच्या बंबात पॅड टाकून जाळायची सवय तर घरोघरी आहे, नारळाच्या सोडणांबरोबर तोही. साध्या पॅडमध्ये मुख्यतः प्लास्टिक आणि पाणी धरून ठेवणारी पावडर असते, एवढ्या कमी आचेवर ते नीट जळत नाही आणि विषारी धूर आपल्याच घरात, आपल्याच पोरांच्या नाकात जातो. आणि पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, टाकला तर पऱ्या खाडीला, खाडी समुद्राला. पावसात मोठी भरती ओसरली की पुळणीवर जी कचऱ्याची रेघ राहते तिच्यात चपला, बाटल्या, जाळ्यांचे तुकडे आणि आपले पॅड असतात. त्याच किनाऱ्यांवर, वेळासला, आंजर्ल्याला, ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात.

2018 मध्ये राज्य सरकारच्या अस्मिता योजनेतून शाळेतल्या मुलींना 5 रुपयांत 8 पॅड मिळायला लागले, त्याच वर्षी पॅडवरचा जीएसटी गेला, हे फार चांगलं झालं, पण पॅड गावागावात पोचले तशी कचऱ्याची गाडी नाही पोचली. महिन्याला 12 पॅड धरले तर एका बाईचे 10 वर्षांत 1440. एक चांगला कप तेवढी वर्षं टिकतो. केरळात कुंबळंगी नावाचं बॅकवॉटरकाठचं गाव आहे, आपल्यासारखाच पाऊस, तिथे जानेवारी 2022 मध्ये सॅनिटरी नॅपकिनमुक्त पंचायत जाहीर झाली, आणि त्यांनी नुसते कप वाटले नाहीत, वापरायला शिकवलं. आपल्याकडे बचत गटाच्या बैठकीत महिन्यातून अर्धा तास एवढं सहज होईल.

वापरून झालेला साधा पॅड असेलच तर कागदात नीट गुंडाळून वेगळा द्या, 2016 च्या घनकचरा नियमांत तो सुक्या कचऱ्यात द्यायला सांगितलं होतं, 2026 च्या नव्या नियमांत सॅनिटरी कचरा वेगळा ठेवायला सांगितलंय. कापडी पॅड फाटला की बटणं आणि अस्तर कापून सुक्या कचऱ्यात टाकायचं, राहिलेलं निव्वळ सुती कापड मी धुऊन माडाच्या आळ्यात खोल पुरते.