नाशिकच्या वायनरी: दिवसाला दोनच

मुंबई-पुण्याहून येणारे बरेच जण एका दिवसात चार वायनरी, म्हणजे वाईन बनवण्याच्या आणि चाखण्याच्या जागा, उरकायचा बेत आखून येतात. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत जीभ बधिर झालेली असते आणि तिथली चांगली वाईनही पाणचट लागते. दोन पुरे: एक सकाळी, एक जेवणानंतर.

त्या दोन एकाच बाजूच्या निवडा. गंगापूर धरणाच्या अंगाला सुला, यॉर्क आणि सोमा आहेत, एकमेकींपासून काही किलोमीटरवर. इगतपुरी तालुक्यात संजेगावच्या परिसरात व्हॅलोने आणि ग्रोव्हर झॅम्पा. तिसरी बाजू दिंडोरीची. गंगापूर आणि संजेगाव एकाच दिवशी जोडलं तर अर्धा दिवस गाडीत जातो. मुंबईकरांनी मुक्काम केला असेल तर संजेगाव परतीच्या दिवसासाठी ठेवावं. मुंबई-आग्रा महामार्गावरून आत वळायचं, काम झालं की पुन्हा महामार्ग.

मुंबईहून रेल्वेने यायचं तर पंचवटी एक्सप्रेसचा उपयोग नाही. ती सकाळी मुंबईकडे जाते आणि संध्याकाळी परत येते, म्हणजे तुमच्या सहलीच्या बरोबर उलट. सकाळची तपोवन किंवा शिर्डीची वंदे भारत धरा. नाशिकरोड स्टेशन शहराच्या एका टोकाला आणि गंगापूरच्या वायनरी दुसऱ्या टोकाला. मध्ये वीसेक किलोमीटर आणि अख्खं शहर. जायला कॅब मिळते, संध्याकाळी धरणाजवळून परतीला मिळेलच असं नाही. गाडी दिवसभरासाठी ठरवा, चालकासकट.

स्वतः गाडी चालवायचा विचार सोडून द्या. एका टेस्टिंगमध्ये, म्हणजे चाखण्याच्या फेरीत, पाच वाईन प्रत्येकी 30 मिली धरल्या तरी 150 मिली, बाटलीचा पाचवा हिस्सा. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल इतकीच आहे. हलक्या अंगाच्या माणसाची ती एका टेस्टिंगमध्येच ओलांडली जाऊ शकते.

कधी यायचं? जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. नाशिकमध्ये वेलींची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. घड येतात ते गोडी छाटणीनंतर आणि तोडणी जानेवारीत सुरू होते. त्या दिवसांत क्रेट येताना, द्राक्षं प्रेसमध्ये पडताना दिसतात, टाक्यांच्या खोलीत आंबल्याचा वास भरलेला असतो. ऑक्टोबरात, छाटणीनंतर लगेच आलात तर बागेत नुसत्या काड्या. पावसाळ्यात धरण भरलेलं, पानोळा हिरवागार, पण घड एकही नाही. वाईन मात्र बाराही महिने मिळते. रस्त्याने दिसणाऱ्या मांडवाच्या बागा बहुतेक खाण्याच्या द्राक्षांच्या, थॉमसनसारख्या. वाईनच्या वेली सहसा तारांवर उभ्या, कुंपणासारख्या चढवतात. हा फरक कळला की बाग बघायला मजा येते.

तारीख पक्की करण्याआधी ड्राय डे बघा. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर लक्षात असतात. आषाढी एकादशी विसरली जाते. मतदान संपण्याआधीचे 48 तासही बंदच. वाईनसाठी वय 21 पूर्ण हवं, ओळखपत्र जवळ ठेवा. टूर आणि टेस्टिंगची वेळ आधीच नोंदवा. शनिवार-रविवारी दुपारनंतर फार गर्दी असते, तेव्हा सकाळची पहिली फेरी घ्या.

आणि सकाळी मिसळ नको. नाशिकला येऊन मिसळ नाही हे ऐकायला वाईट वाटतं, पण तर्रीने भाजलेल्या जिभेला सोव्हिन्यो ब्लां या पांढऱ्या वाईनची आंबट धार कळत नाही. पोहे किंवा उपमा खा, मिसळ दुसऱ्या दिवशी. अत्तर, परफ्यूमही नको. तुमचं आणि शेजारच्याचं दोघांचं नाक वाया जातं.

टेस्टिंगचा क्रम ठरलेला असतो: स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), पांढरी, रोझे (गुलाबी), लाल, शेवटी गोड. तो मोडू नका. गोड आधी घेतली की पुढची प्रत्येक वाईन आंबट लागते. ग्लास दांड्याला धरा, पांढऱ्या कागदावर तिरपा करून रंग बघा, फिरवा, हुंगा, मग छोटा घोट तोंडभर फिरवा. सोव्हिन्यो ब्लांमध्ये पेरू, हिरवी मिरची, ओल्या गवताचा वास शोधा. शिराझ किंवा कॅबर्नेसारखी लाल वाईन घेतल्यावर अर्धकच्चं जांभूळ खाल्ल्यासारख्या हिरड्या आवळल्या तर तो द्राक्षाच्या साली-बियांतल्या टॅनिनचा तुरटपणा, दोष नव्हे. टेबलावरच्या भांड्यात थुंकणं असभ्य नाही, ते त्यासाठीच ठेवलेलं असतं. दोन वाईनच्या मध्ये पाणी प्या.

लाल वाईन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हे नाशिकच्या एप्रिलला लागू नाही. तिला 16 ते 18 अंश लागतात, खोलीत 35 असतात. कोमट लाल वाईन नुसती दारूसारखी झोंबते. दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवून द्यायला सांगा.

खरेदी शेवटच्या थांब्यावर. आधी घेतलीच तर डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत वाईन अक्षरशः शिजते आणि बूच वर सरकतं. टॉवेलमध्ये गुंडाळून एसीच्या गाडीत पायाशी ठेवा. लेबलवरचं साल बघा, साधी पांढरी वाईन दोनेक वर्षांतली घ्या. पुढे सापुताऱ्याला जायचा बेत असेल तर बाटल्या घेऊच नका. सीमेपलीकडे गुजरात आहे, तिथे दारूबंदी आहे आणि ‘वाईनच तर आहे’ हे नाक्यावर चालत नाही.